बारावी मुकी पट्टी

मोबाईलवर अख्खा वाद्यवृंद वाजवता येतो हे कळल्यावर शहाणा माणूस "हो का?" म्हणतो आणि पुन्हा पेपर वाचायला लागतो. दाखलेसाहेबांनी मात्र त्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट आहे की नाही ते पाहिलं. होतं. मग त्यांनी चष्मा पुसला, कोरी वही काढली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि खाली 'विषय : चाल तयार करणेबाबत' असं लिहून त्याखाली रेघ मारली. माणूस अशा रीतीने संगीताला हात घालतो तेव्हा घरच्यांनी वेळीच सावध व्हायला हवं. पण त्यांच्या बायकोला वाटलं, पाण्याच्या दाबाची तक्रार लिहिताहेत, आणि ती भाजी चिरत राहिली.

दाखलेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क होते आणि इमारतीतल्या प्रत्येक घरात त्यांच्या सहीचा एखादा तरी दाखला होता, म्हणून हे नाव पडलं. साहेबांना ते आवडायचं. एकोणतीस वर्षांत त्यांची एकही नोंद चुकली नव्हती. एकदा एक गृहस्थ काउंटरवर येऊन मी जिवंत आहे असं सांगू लागले, तर साहेबांनी त्यांना आधी बसायला सांगितलं, रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि नोंद पाहून झाल्यावरच "बरोबर आहे तुमचं" म्हणून मान डोलावली. गृहस्थ थोडे रागावले, पण पद्धत म्हणजे पद्धत.

तर असा माणूस मोबाईलवर चाल कशाला बसवतो? कारण होतं त्यांची आई. आई दिवसभर गुणगुणायची. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, टीव्हीवर बातम्या चालू असताना, कायम एकच चाल. साहेबांचे वडील शहराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि ही चार ओळींची चाल त्यांची स्वतःची होती, रोज सरावाला बसले की आधी ती वाजवायचे. वडील जाऊन तीन वर्षं होऊन गेली तरी आईचं गुणगुणणं चालूच राहिलं. मग सात महिन्यांपूर्वी घराला रंग द्यायला काढला, माळ्यावरचं सामान खाली आलं, आणि जुनं सामान नेणाऱ्या माणसाला साहेबांनी एक काळी लांबट पेटी देऊन टाकली. आयुष्यात एकाही कागदावर वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या या माणसाने पेटी उघडून पाहिली नाही. आत क्लॅरिनेट होतं.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती "असू दे" म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली, आणि त्या दिवसापासून तिचं गुणगुणणं बंद झालं. साहेबांनी जुन्या सामानाची सगळी दुकानं पालथी घातली. पेटी सापडली नाही. घर इतकं गप्प झालं की स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक बाहेरच्या खोलीत ऐकू यायला लागली, आणि साहेबांना जेवताना ती ऐकवेना. महिन्याभराने आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. तोवर ती चाल क्लॅरिनेटवर बसवायची, मागे व्हायोलिनं वगैरे लावायची, आईला ऐकवायची, म्हणजे ती पुन्हा गुणगुणू लागेल, एवढीच त्यांची योजना होती.

पहिल्या प्रयत्नात चाल बसली. म्हणजे सूर अगदी बरोबर होते, फक्त दाराची बेल वाजतेय असं वाटत होतं. प्रत्येक सूर सारख्याच जोराने सुरू व्हायचा आणि सारख्याच तुसडेपणाने संपायचा. साहेब मोबाईल घेऊन समोरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर निवृत्त होते आणि वाद्यवृंदाचे जाणकार म्हणून इमारतीत प्रसिद्ध होते, कारण ड्रिलचा आवाज बाहेर बसलेल्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी पस्तीस वर्षं दवाखान्यात वाद्यवृंदाच्या रेकॉर्डी लावल्या होत्या.

"सूर कुठला, हे झालं अर्धं काम," डॉक्टर म्हणाले. "तो वाजवायचा कसा, हे वेगळं सांगावं लागतं. जोडून की तोडून, दाबून की सोडून, का थरथरवत. हातात खरं वाद्य असलं की माणूस ते आपोआप करतो. मोबाईलला सांगावं लागतं. हे बघा, पडद्यावरच्या कीबोर्डच्या पट्ट्या अशा सरकवा, अगदी डाव्या टोकाला. या तपकिरी पट्ट्या दिसल्या? या वाजत नाहीत. मुक्या आहेत. पण यातली एक दाबलीत की पुढचे सगळे सूर तसे वाजतात, दुसरी दाबेपर्यंत."

"म्हणजे शेरा," साहेब म्हणाले.

"काय?"

"फाइलवरचा शेरा हो. कागद तोच असतो, पण वर शेरा काय मारलाय त्यावर त्याचं पुढे काय होतं ते ठरतं. आणि नवा शेरा येईपर्यंत जुना लागू."

डॉक्टरांना ही उपमा फारशी रुचली नाही, पण साहेबांचा चेहरा उजळला होता. घरी येऊन त्यांनी वहीत तक्ता आखला. क्लॅरिनेटला मुक्या पट्ट्या अकरा. त्यांची परदेशी नावं जिभेवर बसेनात, म्हणून साहेबांनी सोयीची नावं दिली. जोडून वाजणारा सूर 'मागील पत्रास अनुसरून', तोडून वाजणारा 'त्रोटक', दाबून वाजणारा 'तातडीचे', थरथरणारा 'प्रलंबित', आणि हळूहळू विरत जाणारा 'दप्तरी दाखल'. या तक्त्याचा त्यांना इतका अभिमान वाटला की त्यांनी ऑफिसच्या झेरॉक्सवर त्याच्या दोन प्रती काढल्या, आणि कोणाला द्यायच्या ते न सुचल्यामुळे दोन्ही स्वतःजवळ ठेवल्या.

तक्ता करणं वेगळं आणि चार बोटं रुंदीच्या पडद्यावर तो अमलात आणणं वेगळं. मुकी पट्टी दाबायची म्हणजे सगळा कीबोर्ड डावीकडे सरकवायचा, दाबायची, मग परत उजवीकडे यायचं. साहेबांचा अंगठा पाच हजार दाखल्यांवर शिक्का मारून रुंदावलेला. तो 'मागील पत्रास अनुसरून' दाबायला गेला की शेजारचं 'तातडीचे' दाबलं जायचं आणि क्लॅरिनेट खेकसायचं. शिवाय दाबलेली पट्टी रद्द करायचं ते विसरत. एकदा चौदा व्हायोलिनांवर 'बोटाने छेडून' हा शेरा राहिला आणि पुढच्या दोन ओळी सगळी व्हायोलिनं टपटप टपटप करत राहिली. आईला कळू नये म्हणून हे सगळं बाथरूममध्ये चाललं होतं. त्यामुळे खालच्या मजल्यावरचे इमारतीचे सेक्रेटरी वर आले.

"दाखलेसाहेब, तुमच्या बाथरूममध्ये कोणी वाटाणे सांडतंय का?"

"व्हायोलिनं आहेत," साहेब म्हणाले.

"किती?"

"चौदा."

सेक्रेटरींनी त्यांच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. आत एक बादली आणि एक स्टूल होतं. ते खाली गेले आणि वाद्य वाजवण्याच्या परवानगीचा फॉर्म घेऊन आले. वाद्याचा प्रकार, वाद्यांची संख्या, वाजवणाऱ्यांची संख्या, जागा. आयुष्यभर काउंटरच्या पलीकडच्या माणसाला फॉर्म परत करणाऱ्या साहेबांना आज स्वतः फॉर्म भरावा लागला, आणि तो दोनदा परत आला. एकदा खाडाखोड होती म्हणून. दुसऱ्यांदा, व्हायोलिनं चौदा आणि वाजवणारे एक हे जुळत नाही म्हणून. शेवटी साहेबांनी वाद्यांच्या रकान्यात 'मोबाईल, एक' असं लिहिलं आणि संध्याकाळी सहा ते सात अशी परवानगी मिळाली. वाजवणारे : एक. जागा : बाथरूम.

पण काम पुढे सरकत होतं. पंधरवड्यात पहिल्या दोन ओळी माणसाने वाजवल्यासारख्या वाटू लागल्या. तिसरी ओळ चढी होती, तिथे वडिलांचा दम नेहमी कमी पडायचा. साहेबांनी तिला 'मागील पत्रास अनुसरून' असा शेरा मारला, सुरुवातीपासून वाजवायला लावलं, आणि स्टुलावर बसून डोळे मिटले.

तिसऱ्या ओळीच्या आधी क्लॅरिनेटने श्वास घेतला.

साहेबांनी डोळे उघडले. त्यांनी नळ नीट बंद केला. पुन्हा लावलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, मग एक छोटा श्वास, लगेच एक मोठा, त्या मोठ्याच्या शेवटी केसाएवढी बारीक शीळ, आणि मग तिसरी ओळ. दाराच्या बेलसारखी नाही, सुरेख वाजली. इतकी सुरेख की साहेबांच्या हातातली वही ओल्या फरशीवर पडली. त्यांनी अकराही पट्ट्यांचा तक्ता तपासला. श्वास घेण्याचा शेरा त्यात कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी डॉक्टरांना घरी बोलावून बाथरूममध्ये नेलं, तेव्हा त्यांनी समजूत काढली. "अहो, खऱ्या वादकाचं रेकॉर्डिंग करतात, त्यात त्याचा श्वास येणारच. त्यात घाबरण्यासारखं काय आहे? लावा बघू." साहेबांनी लावलं. डॉक्टर जाणकारासारखी मान हलवत ऐकत होते. तिसरी ओळ आली, छोटा श्वास, मोठा श्वास, शीळ, आणि डॉक्टरांची मान हलायची थांबली.

"परत लावा," ते म्हणाले.

तीनदा ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "वरचा, डावीकडचा, पुढून दुसरा," ते म्हणाले. "मी बसवला होता. क्लॅरिनेटवाल्याचा पुढचा दात म्हणजे त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न, म्हणून तीनदा घासून बसवला. तरी फट राहिली. श्वास घेतला की शीळ यायची. तुमच्या वडिलांनी त्याबद्दल मला शेवटपर्यंत माफ केलं नाही. दाखलेसाहेब, हा माझा दात आहे."

"डॉक्टर, पण वडील तर..."

"ते मला ठाऊक आहे. मी दाताबद्दल बोलतोय." उठताना डॉक्टरांनी दवाखान्यात द्यायचे तोच सल्ला दिला, की दुखत नसेल तर हात लावू नका.

साहेबांना भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त त्यांचा अपमान झाला होता. वडिलांच्या मृत्यूची नोंद त्यांनी स्वतः केली होती. दाखल्यावर सही त्यांची होती. ऑफिसात गेल्या गेल्या त्यांनी तीन वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. नाव, वय, व्यवसाय, वेळ, कारण, सगळं जागच्या जागी होतं, शिक्काही सरळ. नोंद बरोबर होती, म्हणजे चूक क्लॅरिनेटची होती. रात्री घरी बसून त्यांनी ॲपच्या तक्रार केंद्राला नऊ मुद्द्यांचं पत्र लिहिलं, सोबत पडद्याचा फोटो जोडला, आणि 'वाद्य विनापरवानगी श्वास घेत असलेबाबत' असा विषय घातला.

उत्तर दोन दिवसांनी आलं. आमचं क्लॅरिनेट कोणत्याही माणसाने वाजवलेलं नाही, ते संपूर्ण गणिताने तयार केलं आहे, सबब त्यात श्वास असू शकत नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे. आपण आमच्या सेवेवर समाधानी आहात का? साहेबांनी 'नाही' दाबलं. त्यावर तिसऱ्या दिवशी दुसरं उत्तर आलं, आणि ते वाचून साहेब ऑफिसच्या खुर्चीत हळूच मागे टेकले. 'आपण पाठवलेल्या फोटोत बारा मुक्या पट्ट्या दिसतात. आमच्या क्लॅरिनेटला अकराच आहेत. कृपया बारावी वापरू नये.'

त्यांनी तिथेच ॲप उघडून मोजल्या. अकरा. संध्याकाळी घरी येऊन, बूटही न काढता, दारातच मोजल्या. बारा. बारावी सगळ्यांच्या डावीकडे होती, रंग इतरांहून थोडा गडद, आणि तिच्यावर नाव नव्हतं. साहेब जिना उतरून रस्त्यापलीकडच्या बाकावर जाऊन बसले. अकरा. चाल पुन्हा दाराच्या बेलसारखी. परत वर आले. बारा. बायकोच्या मोबाईलवर ॲप घेऊन पाहिलं. त्यावरही बारा. म्हणजे पट्टी मोबाईलची नव्हती, घराची होती. असा निष्कर्ष वहीत कसा नोंदवायचा ते त्यांना समजेना, म्हणून त्यांनी तो रकाना कोरा सोडला. हेही एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच घडलं.

शेवटी बायकोला सांगणं भाग होतं. ती तशी खंबीर बाई. "मला वाटलं पाण्याच्या दाबाचं चाललंय," ती म्हणाली आणि ओले हात पदराला पुसून स्टुलावर बसली. साहेबांनी मोबाईल बेसिनच्या कडेला ठेवला आणि दोघांनी हात मागे घेतले. दुसरी ओळ संपली. पडद्यावरची ती बिननावाची पट्टी कोणीतरी बोट ठेवावं तशी सावकाश खाली दबली. श्वास, श्वास, शीळ. तिसरी ओळ संपल्यावर पट्टी तितक्याच सावकाश वर आली.

"मामंजी," बायको हळूच म्हणाली, आणि पदर सावरून उभी राहिली.

"अगं, उभी काय राहतेस?"

"मग काय बसून राहू त्यांच्यासमोर?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "तो श्वास काढून टाका की."

"काढला होता. दोनदा क्लॅरिनेटच काढून टाकलं, परत घेतलं. परत येतो. आणि खरं सांगू? तो नसला की चाल बेकार वाजते." साहेबांनी मोबाईल उचलून खिशात टाकला. "आईला हे ऐकवू की नको, तेच कळत नाहीये मला. आधीच मी पेटी घालवली. त्यात हे ऐकून तिला काही झालं तर?"

उत्तराऐवजी सेक्रेटरी आले. त्यांच्या हातात साहेबांचाच फॉर्म होता.

"परवानगी सहा ते सात होती," ते म्हणाले. "दुपारी दोन ते चार कोण वाजवतं?"

"दुपारी मी ऑफिसात असतो," साहेब म्हणाले. "मोबाईल माझ्याजवळ असतो. आणि ही शाळेत शिकवायला जाते. घरी फक्त आई असते."

"तेच म्हणतोय मी. दुपारी मला झोप लागत नाही, मी रोज ऐकतो. तुमच्यासारखं नाही वाजवत हो, हवा जास्त आणि सूर कमी. पण तीच चाल. मध्येच थांबतात, चिडून पाय आपटतात, परत सुरू." त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "यात वाजवणारे एक लिहिलंय. हा दुसरा कोण ते लिहून द्या म्हणजे झालं."

"हे कधीपासून ऐकताय तुम्ही?"

सेक्रेटरींनी आठवून पाहिलं. "तुमच्याकडे रंगकाम झालं ना, त्यानंतर."

साहेबांनी आईच्या खोलीत डोकावलं. आई खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत बसून लोकर गुंडाळत होती. शेजारी दुसरी खुर्ची होती. ती पूर्वी भिंतीपाशी असायची. "दुपारी काही आवाज येतो का गं, आई?" त्यांनी विचारलं. "मी पडलेली असते," आई म्हणाली आणि लोकर गुंडाळत राहिली. साहेबांना अजून काही विचारायचं होतं, पण आपण नेमकं काय विचारणार आहोत ते लक्षात आल्यावर ते मागे फिरले.

वाढदिवसाला सुट्टी होती. दुपारी चार माणसं जमली : डॉक्टर, सेक्रेटरी, साहेब आणि त्यांची बायको. आईने केक कापला, सगळ्यांना वाढला. डॉक्टरांनी सवयीने, गोड खाऊन झाल्यावर चूळ भरा, असं सगळ्यांना सांगितलं. मग साहेबांनी घसा साफ केला आणि ऑफिसात निरोपसमारंभाला करतात तसं भाषण सुरू केलं, पण "आज या ठिकाणी" यापुढे त्यांना सुचलं नाही. त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला आणि चाल लावली.

चौदा व्हायोलिनं मागे जोडून, मऊ, एकही सूर न खेकसता वाजत होती. साहेबांच्या महिन्याभराच्या कामाचं चीज झालं होतं, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते आईच्या ओठांकडे बघत होते. पहिली ओळ. दुसरी ओळ. पट्टी खाली गेली. छोटा श्वास, मोठा श्वास, आणि शीळ. डॉक्टरांनी नजर बशीत घातली. सेक्रेटरी ताठ बसले. तिसरी ओळ चढत गेली, चौथी खाली उतरली आणि चाल संपली. आईचे ओठ हललेसुद्धा नाहीत. तिने एक बोट ओठांवर धरलं होतं, लहान मुलाला गप्प करताना धरतात तसं, आणि ती मोबाईलकडे नाही, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

पाहुणे जरा घाईनेच गेले. डॉक्टरांची छत्री राहिली, ती न्यायला ते परत आले नाहीत. साहेब आईच्या पायाशी जमिनीवर बसले. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस जमिनीवर बसला की त्याला उठताना त्रास होतो, पण तो विचार त्यांनी केला नाही.

"आई, ती पेटी मी न बघता दिली. चुकलं माझं. आठ महिने मी हे बोलायचा प्रयत्न करतोय."

"अरे, त्याचा राग कुठे आहे मला? माळ्यावर धूळ खात पडली होती."

"मग तू गुणगुणत का नाहीस?"

आईने त्यांच्याकडे, अजून कसा वाढला नाही हा, अशा नजरेने पाहिलं. "ते वाजवायला बसलेले असताना मध्ये कोणी आवाज केलेला त्यांना कधी चाललाय का? तू लहान असताना साधा शिंकलास तरी ओरडायचे."

साहेबांची बायको दारात उभी होती. तिने दाराची चौकट धरली.

"पेटी होती तोवर पेटीजवळ असायचे," आई सांगू लागली, अगदी शेजारच्या घरातल्या भांडणाबद्दल सांगावं तशी. "माळ्यावर. काही त्रास नव्हता. पेटी तू दिलीस, मग जायचं कुठे त्यांनी? येऊन बसले इथे. दुपारी दोनला बसतात ते चारपर्यंत. हातात वाद्य नाही, नुसती फुंकतात, बोटं हलवतात. सूर लागत नाही, की चिडतात, पाय आपटतात. मी आपली गप्प. आठ महिने झाले, दुपारी खोकायचीसुद्धा चोरी झालीय मला."

"आणि दुपारनंतर?"

"दुपारनंतर काय गुणगुणू? दोन तास वेडंवाकडं ऐकून चाल डोक्यात बिघडून जाते माझ्या."

"आई," साहेब म्हणाले. "आई, अगं त्यांचा दाखला मी स्वतः..."

"तो तुझ्या ऑफिसात ठेव," आई म्हणाली. मग तिने टेबलाकडे हात केला. "ते तुझं यंत्र आहे ना, त्यात त्यांना सूर सापडतो. आज पहिल्यांदा नीट वाजवलं त्यांनी. दुपारचं ते इथे ठेवून जात जा. त्यांच्या मनासारखं वाजलं, की मग मी गुणगुणले तर त्यांना चालतं. पहिल्यापासून तसंच आहे."

दुसऱ्या दिवशी साहेब मोबाईल रिकाम्या खुर्चीवर ठेवून ऑफिसला गेले. खुर्चीवर आधी एक उशी ठेवावी का, यावर नवरा-बायकोत थोडा वाद झाला. उशी ठेवली नाही, कारण वडिलांना मऊ बसायला आवडत नसे. ऑफिसात दिवसभर साहेबांचा हात रिकाम्या खिशाकडे जात राहिला. मोबाईलला वाजवा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. ॲप बंद होतं. आईला तर ते उघडताही येत नव्हतं. आपण म्हातारीच्या नादी लागून मूर्खपणा केला, असं त्यांना अकरा वाजता वाटलं, साडेबाराला खात्री पटली, आणि एक वाजता उघडलेला डबा त्यांनी तसाच बंद केला.

अडीचला त्यांनी ऑफिसच्या टेबलावरचा फोन ओढला आणि स्वतःचाच नंबर फिरवला. काउंटरपाशी एक मध्यमवयीन माणूस फॉर्म पुढे करून उभा होता. त्याला साहेबांनी हातानेच थांबायला सांगितलं. आठ वेळा वाजल्यावर आईने फोन उचलला.

"आत्ता कशाला फोन केलास?" ती कुजबुजली. "जमत आलंय त्यांचं."

"कोणाचं? आई, फोन आला की ते ॲप बंद पडतं. त्यातून काही वाजूच..." साहेबांचं वाक्य तिथेच राहिलं. महिनाभर त्यांनी हेच अनुभवलं होतं, की एखादा फोन आला की चाल कापल्यासारखी तुटायची. फोन आत्ता आईच्या कानाला होता. आणि तिच्या आवाजामागे, खोलीच्या त्या टोकाकडून, दुसरी ओळ संपत आली होती. हवा कमी होती आणि सूर भरपूर. मग सूर थांबला. छोटा श्वास. मोठा श्वास. फटीतून आलेली शीळ.

तिसरी ओळ चढू लागली, आणि तिच्या अर्ध्यात, अगदी फोनच्या तोंडाशी, आई गुणगुणू लागली. आधी चाचपडत, मग मोकळ्या गळ्याने, आठ महिन्यांपूर्वी भाजी निवडताना गुणगुणायची तशी. साहेब रिसीव्हर कानाला लावून उभे होते. त्यांच्या अंगावर काटा आला होता, आणि डोळे भरून आल्यामुळे समोरचं काउंटर दिसत नव्हतं. भीती वाटतेय की बरं वाटतंय, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. चाल संपल्यावर आईने फोन बंद करायचं विसरून तो तसाच कुठेतरी ठेवला असावा, कारण लगेच पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झालं.

"साहेब," काउंटरपलीकडचा माणूस म्हणाला. "वडिलांच्या मृत्यूचा दाखला हवा होता. नोंद झालीय, फक्त तुमची सही राहिलीय."

साहेबांनी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला. आतून बारीक आवाज येतच होता. त्यांनी चष्मा पुसला, फॉर्म पुढे घेतला, नाव वाचलं, वय वाचलं, वेळ वाचली. सगळं बरोबर होतं. त्यांनी पेन उघडलं, कागदावर टेकवलं आणि पुन्हा उचललं.

"सही करतो," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याआधी एक सांगा. दुपारी घरी कोण असतं तुमच्या?"